कान, बोट आणि अक्षर : अंध विद्यार्थ्याच्या मराठी वाचनसाधनांची चिकित्सा

अंधशाळेच्या वर्गात कोणती साधने असावीत हा प्रश्न सामान्यतः खरेदीचा, फार तर अनुदानाचा, मानला जातो. याद्या तयार होतात, साहित्य येते, नोंदवहीत त्याची नोंद होते, आणि शिक्षकाला ते हाताळता येऊ लागले म्हणजे विषय संपला असे समजण्यात येते. साधनाची चिकित्सा जी व्हावयास पाहिजे ती यात कोठेच होत नाही. टिकाऊपणा, किंमत, वजन, दुरुस्तीची सोय या गोष्टी महत्त्वाच्या आहेत यात शंका नाही. परंतु भाषेच्या अध्यापनात वापरावयाच्या साधनाला आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो भाषेच्या अभ्यासकानेच विचारावयाचा आहे. हे साधन विद्यार्थ्याच्या हाती शब्दाचा नाद देते की शब्दाचे अक्षर देते, हा तो प्रश्न. विशेष शिक्षणाचे क्षेत्र विस्तृत आहे. कर्णबधिरांचे, मतिमंदत्वाचे, अध्ययनातील अडचणींचे प्रश्न निराळे आहेत आणि त्यांची साधनेही निराळी. येथे केवळ पूर्णतः अंध असलेल्या, आणि मराठी हीच जन्मभाषा व शिक्षणाची भाषा असलेल्या विद्यार्थ्यापुरता विचार केला आहे.

नाद की अक्षर हा वाद नवा नाही. ब्रेल लिपीचा जन्मच या वादातून झाला, ही गोष्ट तिच्या प्रचलित चरित्रकथांत बहुधा झाकली जाते. त्या कथांत लहानपणी चामड्याच्या कामाचे हत्यार लागून आंधळा झालेला मुलगा येतो, त्याची जिद्द येते आणि शेवटी मानवतेवरील उपकार येतात. लुई ब्रेल (१८०९–१८५२) पॅरिसच्या अंधशाळेत शिकत असताना चार्ल्स बार्बिए या माजी सैन्याधिकाऱ्याने रचलेली उठावाच्या टिंबांची लेखनपद्धती तेथे आली. बार्बिएच्या पद्धतीत फ्रेंच भाषेतील ध्वनी ६ ओळी व ६ स्तंभ अशा ३६ घरांच्या कोष्टकात मांडलेले होते. कोणताही ध्वनी लिहावयाचा म्हणजे त्याची ओळ कितवी व स्तंभ कितवा हे शेजारशेजारच्या दोन उभ्या रांगांतील टिंबांच्या संख्येने सांगावयाचे. एका चिन्हाला अशी १२ पर्यंत टिंबे लागत, आणि एवढे चिन्ह बोटाच्या अग्राखाली एका स्पर्शात मावत नसे. ब्रेलने टिंबे सहावर आणली, हे सर्वांना ठाऊक असते. याहून मोठी गोष्ट त्याने केली ती अशी, की बार्बिएने ध्वनी लिहिले होते, ब्रेलने वर्ण लिहिले. बार्बिएच्या पद्धतीने लिहिणाऱ्याला शब्दाचे शुद्ध लेखन दाखविता येत नसे, विरामचिन्हे देता येत नसत, अंक लिहिण्याची सोय नव्हती. डोळस शेजारी ज्या पुस्तकातून शिकतो त्याच पुस्तकाची अक्षरशः प्रत अंध विद्यार्थ्याच्या बोटाखाली यावी, ही ब्रेलची मागणी होती. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ च्या सुमारास, त्याची पद्धती बहुतांशी सिद्ध झाली. १८२९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आणि त्याच्याच शाळेने तिला अधिकृत मान्यता दिली ती त्याच्या मृत्यूनंतर, १८५४ मध्ये. बार्बिएची बाजू अगदीच टाकाऊ होती असे मात्र नव्हे. ज्यांना शुद्धलेखनाचा भार नको आहे त्यांना झटपट लिहिता यावे हा त्याचा हेतू दयाळूपणाचाच होता. पण ही दयाच ब्रेलला नको होती.

आज मोबाइलच्या वा संगणकाच्या पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी जी साधने, म्हणजे स्क्रीन रीडर, अंधशाळांतून झपाट्याने रूढ झाली आहेत, त्यांच्याकडे या वादाच्या प्रकाशात पाहिले पाहिजे. त्यांचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात ज्याचे काम सुरू झाले तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मायकेल करन या अंध प्रोग्रॅमरने आरंभिलेला असून तो विनामूल्य मिळतो. ज्या विद्यार्थ्याला ब्रेलमधील एक संदर्भग्रंथ मिळवावयाला महिने लागत, तो आज वर्तमानपत्र त्याच दिवशी ऐकतो. दृष्टिहीनांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करण्यास प्रताधिकाराचा अडसर राहू नये म्हणून २०१३ मध्ये झालेल्या माराकेश कराराला २०१४ मध्ये पहिली संमती दिली ती भारतानेच. ग्रंथप्राप्तीच्या दृष्टीने अंध वाचकाची स्थिती एवढी अनुकूल पूर्वी कधीच नव्हती. तथापि ग्रंथ मिळणे आणि अक्षर मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्क्रीन रीडर शब्द बोलतो. ज्या मुलाने तो शब्द लिहिलेला कधी हाताळला नाही, त्याला तो बार्बिएच्या अवस्थेत परत नेतो. फरक इतकाच की बार्बिएचे ध्वनी निदान कागदावर उमटत होते.

इंग्रजीच्या बाबतीत हा धोका लगेच ध्यानात येतो. इंग्रजी उच्चारावरून लेखन सांगता येत नाही हे शाळकरी मुलालाही माहीत असते, आणि म्हणून केवळ ऐकून शिकलेल्या विद्यार्थ्याचे इंग्रजी लेखन पाहून शिक्षक सावध होतो. मराठीत मात्र एक समजूत आड येते. मराठी जशी बोलली जाते तशीच लिहिली जाते, देवनागरी ही पूर्णपणे ध्वन्यनुसारी लिपी आहे, असे आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ही समजूत खरी असती तर कान आणि बोट यांत निवड करण्याचे कारणच उरले नसते. ती तितकीशी खरी नाही, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला निराळे सांगण्याची गरज नाही. परंतु अंधशाळेच्या दृष्टीने तिचा उलगडा क्वचित् केला जातो.

'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत', 'सुर' आणि 'सूर' या जोड्या घ्याव्यात. दिवस आणि गरीब, पुत्र आणि दोरा, देव आणि स्वर असे अर्थांचे अंतर आहे; पण सामान्य मराठी उच्चारात त्यांतील इकार-उकार सारखेच दीर्घ ऐकू येतात. बोलके यंत्र जरी कृत्रिम रीतीने काही भेद करून दाखवील, तरी ज्या कानाला घरीदारी तो भेद ऐकावयास मिळत नाही त्याला तो टिपता येणार नाही. श आणि ष यांचा भेद बोलण्यातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. 'विशेष' या शब्दातील दोन व्यंजने निराळी आहेत हे कानाने शोधून काढता येणार नाही. 'ऋषी' आपण 'रुषी' असा उच्चारतो, 'ज्ञान' 'द्न्यान' असा. 'संशय', 'संयम', 'सिंह' यांतील अनुस्वार कानाला निरनिराळे ध्वनी ऐकवितो, आणि 'सिंह' हा शब्द केवळ ऐकलेल्या मुलाने 'सिंव्ह' असे लिहिले तर त्याच्या कानाचा दोष काढता येणार नाही. उलट बाजूने, एकाच अक्षराला दोन उच्चार असल्याचीही उदाहरणे आहेत. विश्व या अर्थाचा 'जग' आणि जगण्याची आज्ञा देणारा 'जग' यांतील ज कानाला वेगळा लागतो, कागदावर मात्र एकच आहे. यंत्र या दोहोंना एकाच ज ने वाचते तेव्हा ऐकणाऱ्याला अर्थासाठी अडावे लागते. तो बोटाने वाचीत असता तर डोळस वाचकाप्रमाणेच संदर्भावरून उच्चार त्याचा त्याने ठरविला असता.

मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये मान्य केलेल्या आणि १९७२ मध्ये भर घातलेल्या लेखनविषयक नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले व ऱ्हस्व-दीर्घाची व्यवस्था पुष्कळशी सोपी केली. शब्दाच्या अंती येणारे इकार-उकार दीर्घ, 'मूल' पण 'मुलाला', 'वीट' पण 'विटा', अशी ही व्यवस्था बव्हंशी उच्चाराला धरून आहे, आणि इतपत भाग कानावर सोपविता येईल. पण 'गुण', 'विष', 'सुख' असे तत्सम शब्द या व्यवस्थेबाहेर राहिले. नियमाने 'मूल' दीर्घ आणि परंपरेने 'गुण' ऱ्हस्व. उच्चारात दोन्ही उकार सारखे. हा अपवाद तर्काने कळत नाही. तो पाहून पाहून ठसावा लागतो. डोळस मुलाचे डोळे हे काम नकळत करतात. पाटीवर, दुकानाच्या फलकावर, क्रमिक पुस्तकात, सगळीकडे तो शब्द एकाच रूपात भेटत राहतो. अंध मुलाला हे पाहणे बोटानेच करावे लागते, आणि बोटाखाली येणारे मराठी आज त्याच्या वर्गात दिवसातून किती मिनिटे असते, यावर सारे अवलंबून आहे.

येथे भारती ब्रेलची चिकित्सा करणे प्राप्त आहे. कारण बोटाखालचे मराठी ते हेच. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० मध्ये अंधशाळा काढली तेव्हा भारतीय भाषांसाठी एकच सर्वमान्य ब्रेल नव्हते. नीळकंठराय यांच्या नावाने ओळखले जाणारे एक, आणखी कोणाचे दुसरे, अशा अनेक पद्धती निरनिराळ्या प्रांतांतून चालत. १९५१ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने झालेल्या विचारविनिमयातून भारती ब्रेल निश्चित झाले. त्याचे तत्त्व असे की, ध्वनिसाम्य असेल तेथे रोमन अक्षराचे मूळ ब्रेल चिन्हच भारतीय वर्णाला द्यावयाचे, आणि एका वर्णाचे चिन्ह बहुतेक सर्व भारतीय भाषांत एकच ठेवावयाचे. त्यामुळे मराठी ब्रेल वाचणाऱ्या विद्यार्थ्याला गुजराती वा बंगाली पानावरील वर्ण ओळखता येतात. डोळस मराठी वाचकाला हे भाग्य नाही.

भारती ब्रेलचा मोठा गुण त्याच्या क्रमात आहे. छापील देवनागरीत ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी येऊन बसतो, रफार पुढल्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, रकार व्यंजनाच्या पायाशी लपतो. ब्रेलमध्ये यांपैकी काही होत नाही. वर्ण ज्या क्रमाने उच्चारले जातात त्याच क्रमाने ते एकामागून एक येतात. 'कर्म' आणि 'क्रम' या शब्दांत ब्रेलमध्ये तीच चार चिन्हे असतात : क, र, म आणि हलन्त दाखविणारे एकटे ४ क्रमांकाचे टिंब. 'कर्म' मध्ये ते टिंब र च्या आधी येते, 'क्रम' मध्ये क च्या आधी. डोळस मुलाला ज्या दोन शब्दांसाठी र ची दोन भिन्न रूपे शिकावी लागतात त्यांतील नाते अंध मुलाच्या बोटाला सरळ लागते. जोडाक्षराचे व्याकरण याहून स्वच्छ कोणत्या लिपीत दिसत असेल ते सांगणे कठीण. हलन्ताचे चिन्ह व्यंजनाच्या आधी येते, नंतर नव्हे, याबद्दल नव्या शिक्षकांची तक्रार असते. देवनागरीतील पायमोड व्यंजनाच्या नंतर दिली जाते, त्यामुळे त्यांना हे उलटे वाटते. पण मराठी वर्गात जोडाक्षर तोंडी सांगण्याची रीत 'अर्धा स, त' अशीच आहे. आधी 'अर्धा', मग 'स'. ब्रेलचा क्रम या तोंडी रीतीशी तंतोतंत जुळतो, आणि शिक्षकाने ही गोष्ट पहिल्याच दिवशी ध्यानात घेतली तर पुष्कळ गोंधळ टळेल.

स्वरांसाठी स्वतंत्र चिन्हे आणि मात्रा असा दुहेरी संसार ब्रेलमध्ये नाही. व्यंजनानंतर आलेला स्वर ही त्याची मात्राच. मग 'मू' आणि 'मऊ' यांत फरक कसा करावयाचा? 'मऊ' लिहिताना म आणि ऊ यांच्यामध्ये अ स्पष्ट लिहावा लागतो. डोळस वाचकाला म मधील अ कधी दिसत नाही. अंध वाचकाला तो येथे प्रत्यक्ष भेटतो. ण चे चिन्ह आणि अंक सुरू झाल्याचे चिन्ह ही ब्रेलमध्ये एकच आहेत, दोन्हींत ३, ४, ५ व ६ ही टिंबे. तरी घोटाळा होत नाही, कारण मराठीत ण ने शब्द सुरू होत नाही. (जैन विद्यार्थ्याला णमोकार मंत्र लिहून देताना मात्र शिक्षकाने एक शब्द समजावून सांगितलेला बरा.)

आता दोष. ज्या ऱ्हस्व-दीर्घासाठी ब्रेलचा एवढा आग्रह धरावयाचा, तेथेच भारती ब्रेल दुबळे आहे. इ ची टिंबे २ आणि ४, ई ची ३ आणि ५. सहा टिंबांच्या घराची मांडणी ध्यानात आणल्यास दिसेल की या दोन्ही चिन्हांचा आकार एकच आहे, तीच तिरकी जोडी. ई मध्ये ती एका ओळीने खाली सरकली आहे इतकेच. शेजारच्या व्यंजनाच्या उंचीवरून बोटाला तिची जागा कळते. पण कागद जुना होऊन टिंबे दबली, किंवा बोट अजून सराईत झाले नसले, तर भेद निसटतो. उ आणि ऊ यांची चिन्हे त्या मानाने पुरेशी भिन्न आहेत. श आणि ष यांचीही. म्हणजे कानाला जो भेद कधीच कळत नाही तो श-ष चा भेद बोट सहज ओळखते, आणि इकाराच्या बाबतीत बोटालाही श्रम पडतात. एकट्या टिंबाच्या चिन्हांविषयीही हेच म्हणता येईल. अ चे एकच टिंब डावीकडे वर, हलन्ताचे उजवीकडे वर. हे दोष लिपीचे खरे, पण त्यांवरील उपाय वर्गात आहे : प्रारंभिक वाचनपाठांत इ-ई च्या जोड्या मुद्दाम शेजारी आणणे, आणि झिजलेली पुस्तके वेळीच काढून टाकणे. डोळस मुलांच्या अंकलिपीचे नुसते लिप्यंतर करून छापलेल्या ब्रेल वाचनपाठांत यांपैकी पहिली गोष्ट साधणे शक्यच नसते. कारण कोणती अक्षरे डोळ्याला सारखी दिसतात आणि कोणती बोटाला सारखी लागतात यांचा परस्परांशी काही संबंध नाही.

विस्तार हा दुसरा दोष सांगण्यात येतो. 'स्वातंत्र्य' हा शब्द ब्रेलमध्ये ११ घरे घेतो. ब्रेलच्या मोठ्या पानावर साधारणतः २५ ओळी व ओळीत ४० घरे असतात, म्हणून डोळसांचे एक लहान पुस्तक येथे जाड खंडांचे होते. इंग्रजीत यावर संक्षिप्त ब्रेलचा उपाय आहे. मराठीत तसा सर्वत्र शिकविला जाणारा संक्षेप नाही. ग्रंथालयाच्या फळीच्या दृष्टीने ही उणीव असेल. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र तो लाभच मानला पाहिजे, कारण मराठी ब्रेल वाचणाऱ्या मुलाच्या बोटाखालून प्रत्येक शब्द वर्णशः पूर्ण जातो.

वाचनानंतर लेखनाची साधने. धातूची वा प्लास्टिकची ब्रेल पाटी आणि स्टायलस हे सर्वांत स्वस्त साधन. खिशात मावते, मोडत नाही, विजेवर अवलंबून नाही. तिच्यावर कागदाच्या पाठीमागून उजवीकडून डावीकडे टोचीत जावे लागते, आणि कागद उलटल्यावर डावीकडून उजवीकडे वाचावयाचे. म्हणजे प्रत्येक चिन्ह लिहिताना आरशातील प्रतिमेसारखे फिरवून लिहावे लागते. मराठीच्या शिक्षकाने येथे नुसते 'चुकले' म्हणून भागत नाही. चूक कोणत्या जातीची आहे हे त्याला ओळखता आले पाहिजे. इ चे चिन्ह न फिरविता टोचले तर कागद उलटल्यावर तेथे ए वाचला जातो. ज चा ह होतो, न चा ड, र चा ठ. 'जर' लिहू पाहणाऱ्या मुलाच्या कागदावर 'हठ' उमटलेला आढळतो. ही चूक शुद्धलेखनाची नाही, हाताच्या दिशेची आहे. ज्या शिक्षकाला स्वतःला ब्रेल बोटाने नव्हे तर कोष्टक पाहून वाचता येते, त्याला हा फरक दिसत नाही, आणि मुलाला मराठी येत नाही असा शेरा मिळतो.

१९५१ मध्ये, म्हणजे भारती ब्रेल ठरले त्याच वर्षी, अमेरिकेतील पर्किन्स अंधशाळेतून डेव्हिड अब्राहम यांनी रचलेले ब्रेल टंकयंत्र बाहेर पडले. सहा टिंबांना सहा कळा. एका दाबात एक चिन्ह. येथे आरसा नाही. टिंबे वर उठतात, त्यामुळे नुकतेच लिहिलेले अक्षर कागद न काढता बोटाने पाहता येते. अध्यापनाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. पाटीवर लिहिणारा मुलगा आपले लेखन ओळ संपल्यावर, बहुधा पान संपल्यावर, प्रथम वाचतो. यंत्रावर लिहिणारा अक्षरागणिक वाचू शकतो, आणि लेखनातील चूक स्वतः सापडणे हेच तर लेखनशिक्षण. यंत्र सुमारे ५ किलो वजनाचे, महाग, आणि बिघडले तर गावी दुरुस्त होत नाही. म्हणून पाटी टाकून देता येणार नाही. परंतु पहिल्या दोन-तीन इयत्तांत यंत्र आणि नंतर पाटी असा क्रम ठेवणे शक्य असताना अनेक ठिकाणी तो नेमका उलटा ठेवला जातो, आणि महागडे यंत्र मोठ्या मुलांसाठी कुलुपात राहते.

गणिताच्या साधनांविषयी येथे थोडक्यात उल्लेख पुरे. टेलरच्या पाटीवरील अष्टकोनी भोकांत चौकोनी खिळा आठ दिशांनी बसतो. त्याची दोन टोके निराळी असल्याने १६ चिन्हे मिळतात, आणि उदाहरण कागदावर मांडावे तसे मांडून ठेवता येते. क्रॅन्मर यांच्या अबॅकसमध्ये मण्यांखाली फेल्ट असल्यामुळे मणी हात लागून घसरत नाहीत. तो जलद आहे, पण केलेल्या पायऱ्या मागे ठेवीत नाही. दोन्हींत संख्या मुलाच्या हातात राहते, बोलक्या गणकयंत्रात ती राहत नाही. भाषेच्या साधनांतील भेद तोच येथेही आहे.

स्क्रीन रीडरच्या बाजूने एक आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो रास्त आहे. ही साधने शब्द सलग तर बोलतातच, पण कळ दाबून एकेक वर्ण पुढे सरकत गेल्यास मात्रेसह प्रत्येक वर्णाचे नाव सांगतात. मग अक्षर मिळत नाही असे कसे म्हणावे? उत्तर असे की, ते विचारणाऱ्यालाच मिळते. 'दिन' मधील इकार ऱ्हस्व आहे की दीर्घ अशी शंका ज्याला येते तो थांबून विचारील. पण शंका येण्यासाठी दोन रूपे असतात हे आधी ठाऊक पाहिजे. वाचनातून मिळणारे शब्दरूपाचे ज्ञान न विचारता, न थांबता, हजारो वेळा होणाऱ्या भेटींतून येते. कोश उघडून पाहता येतो म्हणून वाचनाची गरज नाही, असे म्हणण्यासारखेच हे आहे. उतारवयात दृष्टी गेलेली माणसे, मधुमेहाने बोटांची संवेदना मंदावलेले रुग्ण यांच्या बाबतीत मात्र आक्षेपकाचेच म्हणणे मान्य केले पाहिजे. त्यांच्या मनात देवनागरी पूर्वीच उमटलेली असते, आणि आवाज त्या आठवणीला जागविण्यास पुरतो. जन्मांध मुलाजवळ अशी आठवण नसते.

या प्रश्नाची खरी झळ परीक्षेच्या खोलीत लागते. तेथे अंध विद्यार्थी उत्तर सांगतो आणि लेखनिक ते उतरवितो. लेखनिकाची सोय न्याय्य व आवश्यक आहे. पण त्या उत्तरपत्रिकेतील शब्दांची निवड विद्यार्थ्याची आणि अक्षरे लेखनिकाची असतात. मराठी विषयाच्या परीक्षेत ही विभागणी साधी नाही. वर्षानुवर्षे केवळ ऐकून आणि सांगून शिकलेला विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचतो, उत्तम विवेचन करतो, आणि नोकरीच्या अर्जाच्या चार ओळी स्वतः संगणकावर टंकलिखित करण्याची वेळ येते तेव्हा ज्याला कोणी कधी अशुद्ध म्हटले नव्हते तो एकाएकी अशुद्ध ठरतो. दोष त्याच्या बुद्धीचा नाही, श्रमाचाही नाही. शाळेने त्याला मराठी दिली, तिची अक्षरे मात्र दुसऱ्याकडे ठेवली.

यावरून तंत्रज्ञानाला विरोध करावा असे अनुमान कोणी काढू नये. प्रश्न तंत्रज्ञानाच्या कोणत्या शाखेला हात द्यावयाचा हा आहे. विजेच्या साहाय्याने वर-खाली होणाऱ्या सूक्ष्म खिळ्यांची ओळ असलेली ब्रेल पट्टी संगणकाला वा मोबाइलला जोडली की पडद्यावरील मजकूर बोटाखाली ब्रेलमध्ये येतो. लिबलुई या मुक्त लिप्यंतर-प्रणालीत मराठीचे कोष्टक आहे. भारती ब्रेल वर्णानुसारी असल्यामुळे देवनागरीचे असे रूपांतर यंत्राला अवघड जात नाही. जे पुस्तक आज आवाजात मिळते तेच, त्याच क्षणी, अक्षरांत मिळू शकते. ऐकणे आणि वाचणे एकाच वेळीही चालू शकते, आणि शिकणाऱ्या मुलासाठी यासारखी जोड दुसरी नाही. अडचण किमतीची आहे. ४० घरांची पट्टी सामान्य शाळेच्या आवाक्याबाहेरची. २० घरांच्या स्वस्त पट्ट्या अलीकडे निघाल्या आहेत, पण त्याही मोबाइलइतक्या स्वस्त नाहीत. मोबाइल प्रत्येकाकडे असतोच, त्यावरील आवाज फुकट आहे, म्हणून निवड आपोआप आवाजाची होते. पुढे आवाजावर भागते असे दिसल्यामुळे ब्रेलचे तास कमी होतात, आणि तास कमी झाले की बोट मंद राहते. मग मुलांना ब्रेल नकोच असते असा निष्कर्ष निघतो. या साखळीतील पहिली कडी किमतीची आहे, शिक्षणविचाराची नव्हे, एवढे तरी स्पष्टपणे मान्य केले पाहिजे.

मराठीच्या पदव्युत्तर वर्गांना या चर्चेशी कर्तव्य नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. देवनागरीच्या अभ्यासक्रमात मोडीचा, शिलालेखांचा, मुद्रणाचा विचार होतो. मराठी ज्या दुसऱ्या लिपीत आज प्रत्यक्ष वाचली जाते त्या भारती ब्रेलचा होत नाही. परंतु अंध विद्यार्थी आता याच वर्गांत येऊन बसत आहेत, आणि छंदःशास्त्राच्या तासाला प्रश्न टाळता येत नाही. लघु-गुरूंचा क्रम कानाने कळतो असे म्हणावे, तर ज्या ऱ्हस्व इकार-उकारांना बोलण्यात दीर्घ करण्याची सवय आहे त्यांच्याशी गाठ पडते. 'सुत' मधील सु लघु मोजावयाचा हे ठरते ते लिहिलेल्या उकारावरून. स्क्रीन रीडर कविता गद्यासारखी वाचीत जातो, ओळ कोठे संपली हे सांगण्यासाठी त्याला निराळे थांबवावे लागते. ब्रेलच्या पानावर ओळ ही ओळच राहते. भुजंगप्रयाताच्या चरणात १२ अक्षरे, त्यांतील ८ गुरू. एका गुरूला सहसा दोन घरे आणि लघूला निदान एक धरले, शब्दांमधील मोकळी घरे मिळविली, तर चरण २० घरांच्या पलीकडे जातो आणि ४० घरांत आरामात बसतो. स्वस्त पट्टीवर तो मध्येच तुटतो. शार्दूलविक्रीडिताचा १९ अक्षरांचा चरण तर बाराव्या अक्षरावरील यतीपर्यंतही एका वेळी पोहोचणे कठीण. कागदावर उठविलेल्या जुन्या ब्रेल पानाची ४० घरांची ओळ या कामाला अद्याप पुरते, आणि निदान वृत्तांच्या पाठासाठी तरी मराठी विभागांनी अशी पाने छापवून घेण्यास फारसा खर्च येणार नाही.